सतारमेकर गल्लीतले दोन भाऊ

मिरजेच्या सतारमेकर गल्लीत तंबोरे करणारा एक कारागीर राहत होता. वय झालं होतं, हात कापायला लागले होते, कान मात्र शाबूत होता. त्याला दोन मुलगे. दोघंही त्याच्याच दुकानात, त्याच्याच हाताखाली तयार झालेले. थोरला लाकडाचं काम करायचा, धाकटा तारांचं. या दोघांत सुखी कोण, असं गल्लीत कुणालाही विचारलं असतं तर त्यानं लगेच धाकट्याकडे बोट दाखवलं असतं.

थोरल्याच्या वाट्याला भोपळा यायचा. तंबोऱ्याचा भोपळा बाजारात मिळत नाही. तो येतो पंढरपूरच्या बाजूहून, भीमेकाठच्या बेगमपूर परिसरातून. कडू जातीचा, खायच्या उपयोगाचा नाही, पण वाळला की कवच असं कडक होतं की त्यातून पिढ्यान्‌पिढ्या सूर निघत राहतो. तो भिजत घालायचा, तोंड कापायचं, आतला सुकलेला गर खरवडून काढायचा, काठ्यांचे आधार देऊन तोंडाला हवा तो आकार आणायचा. मग तुणाच्या लाकडाचा गळा, त्यावर आतून कोरलेली दांडी, भोपळ्याच्या तोंडावर पातळ तबली. थोरल्याचा हात इतका साफ होता की गळ्याच्या सांध्यावरून नख फिरवलं तरी ते अडत नसे.

पण त्याचं मन त्यात नव्हतं. सकाळी दुकानाची फळी उघडताना त्याच्या कपाळावर आठी असायची आणि संध्याकाळी सहा वाजले की ती जायची. हात धुऊन तो चहाला निघायचा. कुपवाडच्या एमआयडीसीत एखादी कायमची नोकरी लागते का, हे तो बरीच वर्षं पाहत होता. रविवारी दुपारपासूनच त्याला सोमवारचं ओझं वाटू लागे. डोकं दुखे. रात्री झोप लागली तरी सकाळी ताजं वाटत नसे. त्याला कुणी विचारलं, ‘काय चाललंय?’ तर तो म्हणायचा, ‘काय चालणार? भोपळे खरवडतोय.’

धाकट्याचं अगदी उलट. जवारी काढणं हे त्याचं काम, आणि गल्लीत त्याच्यासारखी जवारी काढणारा त्याच्या वयाचा दुसरा कुणी नव्हता.

जवारी डोळ्यांना दिसत नाही, म्हणून जरा सांगायला हवं. तबलीच्या मधोमध एक रुंद घोडी बसवलेली असते, शिसवी नाहीतर हाडाची. तिच्यावरून तारा जातात. घोडीचा माथा सपाट वाटतो, पण नसतो. त्याला नजरेला न कळणारा उतार दिलेला असतो. तार छेडली की ती थरथरत त्या उतारावर टेकते आणि सुटते, टेकते आणि सुटते. तंबोऱ्याचा तो गोल, लांबत जाणारा झणकार त्यातून निघतो. हा उतार कानशीनं घासून आणायचा. एक हात मारायचा, तार चढवायची, ऐकायचं, तार उतरवायची, पुन्हा एक हात. जास्त घासलं गेलं तर परत भरता येत नाही. आणि हे सगळं झालं की शेवटी तारेखाली, घोडीच्या माथ्यावर, सुताचा एक बारीक दोरा सरकवायचा. तीळभर पुढे, तीळभर मागे. एका जागी तो येतो आणि बसका आवाज एकदम उघडतो. ती जागा मोजपट्टीनं सापडत नाही. प्रत्येक तारेची ती वेगळी असते.

धाकटा मिसरूडही न फुटलेला पोरगा असताना एका संध्याकाळी त्याला खर्जाच्या पितळी तारेतून गंधार ऐकू आला. तंबोरा लावलेला होता पंचम आणि षड्जात. गंधाराची तार त्यावर नसतेच. पण जवारी नेमकी असली आणि तार सुरात असली की खर्जातून तो आपोआप उमटतो. गवई त्याला स्वयंभू गंधार म्हणतात. कुणीही न वाजवलेला तो सूर ऐकून पोराच्या अंगावर काटा आला. त्या संध्याकाळपासून तो दुसऱ्या कशाचा राहिला नाही.

तेव्हापासून त्याला भूक लागत नसे की वेळ कळत नसे. अम्मी जेवणाचा डबा ठेवून जायची, तो तसाच परत यायचा. लग्न झाल्यावर बायकोनंही तो डबा उघडून पाहणं सोडून दिलं. ‘पोराला कामाचं वेड आहे,’ असं लोक कौतुकानं म्हणायचे आणि त्याच दमात थोरल्याकडे बघून मान हलवायचे. म्हातारा दोघांकडेही बघायचा आणि काही बोलायचा नाही.

इथे थांबून मला थोरल्याची बाजू घ्यावीशी वाटते. पोटासाठी काम करणारा आणि सहा वाजता घरी जाऊन पोरांना मांडीवर घेणारा माणूस कुणापेक्षा कमी नसतो. ज्याला कामाची ओढ वाटत नाही तो आळशी किंवा हलका, असं आपण फार सहज ठरवतो. थोरल्यानं एकही सांधा कधी कच्चा सोडला नव्हता. त्याचं दुखणं वेगळं होतं. त्यानं केलेलं काम कुठे जातं, हे त्यानं जन्मात पाहिलं नव्हतं. भोपळा खरवडून झाला की तो धाकट्याकडे जायचा, धाकट्याकडून गोणपाटात गुंडाळून व्यापाऱ्याकडे. तंबोरा मांडीशी घेऊन कुणी बसलंय, असं दृश्य त्याच्या डोळ्यांसमोर कधी आलंच नव्हतं.

1997 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या काही मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं होतं, तुम्ही तुमच्या कामाकडे कसं बघता? पोटापाण्याचं साधन म्हणून, वर चढायची शिडी म्हणून, की करण्याजोगी गोष्ट म्हणून? त्यात एकाच प्रकारचं कार्यालयीन काम करणाऱ्या सहायकांचा एक लहान गट होता. तोसुद्धा या तिन्हींत जवळजवळ सारखा विभागलेला निघाला. आणि कामाला करण्याजोगी गोष्ट मानणारे लोक एकंदर आयुष्यातही जास्त समाधानी होते. म्हणजे ओढ ही कामाच्या प्रकारात ठेवलेली नसते. तंबोऱ्याच्या दुकानात बसलेल्याला ती वाटेलच असं नाही, आणि टंकलेखन करणाऱ्याला वाटणारच नाही असंही नाही. आपल्या या दोन भावांत तर भिंतही नव्हती. एकाच सतरंजीवर बसून एक जण सुखी होता आणि दुसरा दमलेला.

पण गोष्ट इथे संपत नाही, कारण पुढे धाकटा आजारी पडला.

त्याआधी दिवस पालटले होते. पेटीएवढा इलेक्ट्रॉनिक तंबोरा येऊन बरीच वर्षं झाली होती. मग तंबोरा मोबाइलमध्येच येऊन बसला. ज्या शिकाऊ पोरांनी पूर्वी बापाकडे हट्ट धरून मिरजेचा तंबोरा आणवला असता, ती आता फोन उशाशी ठेवून रियाज करू लागली. मागणी कमी झाली. मुंबईचा एक व्यापारी मात्र येत राहिला. तो हुशार होता. धाकट्याची नस त्यानं पहिल्या भेटीतच ओळखली होती.

तो दुकानात यायचा, तंबोरा छेडायचा, डोळे मिटायचा. ‘काय हात आहे!’ म्हणायचा. ‘असा आवाज आता हिंदुस्थानात कुठे मिळत नाही.’ धाकटा लाजून खाली बघायचा. मग व्यापारी हलक्या आवाजात पैशाचं काढायचा. ‘बाजार बसलाय. तुमच्यासारख्या कलावंताला मी काय भाव करणार? तुम्हाला तर आवाजाशी मतलब.’ आणि धाकटा मान हलवायचा. लाकडाचा, भोपळ्याचा, तारांचा खर्च निघाला की त्याला पुरे वाटायचं. आपली मजुरी मागताना त्याची जीभ अडखळायची. पैसा मागितला तर आपलं प्रेम खोटं ठरेल, अशी भीती त्याला वाटायची. थोरला मध्ये बोलू गेला तर धाकटा म्हणायचा, ‘भाईजान, तुम्हाला कळायचं नाही.’

हे काही मिरजेतच घडतं असं नाही. बंडरसन आणि थॉम्पसन या दोन अभ्यासकांनी 2009 साली अमेरिका-कॅनडातल्या प्राणिसंग्रहालयांत जनावरांची निगा राखणाऱ्या लोकांवर अभ्यास प्रसिद्ध केला. शिकलेली माणसं, तुटपुंजा पगार, शेण काढण्यापासून सगळी कामं, आणि तरी त्यांतल्या अनेकांची ठाम समजूत की आपण याचसाठी जन्मलो. त्यांना कामात अर्थ वाटत होता, अभिमान वाटत होता. पण त्याच ओढीपायी ते पगारावर, वेळेवर आणि आरामावर पाणी सोडत होते, आणि मालकानं त्यांचा फायदा घ्यायचं ठरवलं तर ते त्याला सोपं जात होतं. ज्याचं कामावर प्रेम आहे त्याला कमी दिलं तरी तो जात नाही, हे व्यापाऱ्याला पुस्तक न वाचताही ठाऊक असतं. मला या गोष्टीचा राग येतो. परिचारिका, शिक्षिका, अंगणवाडीतल्या ताई, सगळ्यांना आपण सेवाभावाच्या नावाखाली हेच ऐकवत आलो आहोत.

एका वर्षी व्यापाऱ्यानं एकदम मोठी मागणी आणली. मुदत अवघड, भाव त्याहून अवघड. धाकट्यानं हो म्हटलं. दिवसा काम पुरेना म्हणून रात्री बसू लागला. हाडाच्या घोड्या घासताना उडणारी बारीक भुकटी नाकातोंडात जायची. खोकला सुरू झाला. मान आखडली. डोळे चुरचुरायचे. या सगळ्यापेक्षा वाईट गोष्ट वेगळीच होती. त्याचा कान थकला आणि ते त्याला कळलं नाही. जवारी लागलेली असूनही त्याला ती लागली नाही असं वाटायचं. मग तो पुन्हा घासायचा. घासता घासता घोडी उतरायची, वाया जायची. नवी घ्यायची, तीही तशीच.

एका पहाटे म्हातारा उठून दुकानात आला तर धाकटा दिव्याखाली बसून रडत होता. समोर बिघडलेल्या घोड्यांचा ढीग. ‘अब्बा, माझ्या हातातून गेलं सगळं,’ तो म्हणाला. ‘मला जवारी येत नाही. मला काहीच येत नाही. मी कुणीच नाही.’

म्हाताऱ्यानं घोड्यांकडे बघितलं नाही. त्याला ते शेवटचे शब्द ऐकू आले होते. काम बिघडलं तर काम बिघडलं म्हणावं. हा पोरगा म्हणत होता, मीच बिघडलो. कारण कामाबाहेर त्यानं स्वतःचं काही शिल्लकच ठेवलं नव्हतं. दोस्त सुटले होते. बायको माहेरी जाऊन आली तरी त्याला पत्ता नव्हता. लेक कितव्या इयत्तेत आहे, हे विचारलं तर त्याला आठवावं लागलं असतं.

मिरज जशी तंबोऱ्यांची तशी दवाखान्यांची. 1894 साली इथे मिशन हॉस्पिटल सुरू झालं, आणि आसपासच्या जिल्ह्यांतून, कर्नाटकातूनही लोक उपचाराला येतात. धाकट्याला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी छाती तपासली, मान तपासली, झोपेचं विचारलं. औषध दिलं आणि सांगितलं, दोन महिने कानशीला हात लावायचा नाही. धाकट्याला शिक्षा सुनावल्यासारखं झालं.

दुकान मात्र चालवायला हवं होतं. म्हाताऱ्याचे हात कापत होते. राहिला थोरला.

तो जवारी शिकला होता, पण त्यानं ती आवडीनं कधी काढली नव्हती. तो नाइलाजानं तारांपुढे बसला. त्याच सुमाराला कोल्हापूरकडच्या एक गाणं शिकवणाऱ्या बाई एक जुना तंबोरा घेऊन आल्या. याच घरातला, थोरल्याच्या आजोबांनी केलेला. गळ्याशी चीर गेलेली, घोडी झिजून सपाट झालेली. बाईंबरोबर त्यांची एक शिष्या होती, बारा-तेरा वर्षांची.

‘भाई, हा आता हिला द्यायचाय,’ बाई म्हणाल्या. ‘माझा आवाज काळी चारचा. हिचा काळी पाच. जमेल?’

थोरल्यानं आयुष्यात पहिल्यांदा कुणाच्या आवाजाची पट्टी विचारात घेऊन काम केलं. गळ्याची चीर बुजवली, नवी घोडी बसवली, तारा बदलल्या. जवारी काढायला त्याला धाकट्यापेक्षा कितीतरी जास्त वेळ लागला. म्हातारा शेजारी बसून नुसता हुंकार देत होता. ठरल्या दिवशी बाई आणि मुलगी आल्या. मुलगी तिथेच सतरंजीवर बसली, तंबोरा उभा धरला आणि छेडू लागली. थोडा वेळ काही झालं नाही. मग तिनं षड्ज लावला. आधी जरा खाली लागला. तंबोऱ्याकडे कान करून तिनं तो हळूच वर सरकवला, आणि तिचा आवाज तंबोऱ्यात असा मिसळला की कुठला कुणाचा ते कळेना. मुलीनं दचकून बाईंकडे बघितलं. बाई हसल्या. ‘सापडला ना? आता तिथेच राहा.’

थोरला जागचा हलला नाही. ज्या तऱ्हेच्या सांध्यावर त्यानं हजारदा नख फिरवलं होतं, तसाच गळ्याचा सांधा त्या पोरीच्या खांद्याला टेकलेला होता. तो इतका गुळगुळीत का लागतो, हे त्याला त्या दिवशी कळलं.

माणूस एका दिवसात बदलत नाही, थोरलाही बदलला नाही. दुसऱ्या दिवशी फळी उघडताना त्याच्या कपाळावर आठी होतीच. पण त्यानं एक वही केली. प्रत्येक तंबोरा कुणाकडे गेला, त्या माणसाची पट्टी कोणती, कुठल्या गावचा, हे तो लिहू लागला. व्यापाऱ्याकडून गेलेल्यांचे पत्ते मिळत नव्हते, तर तो फोन करून मागू लागला. कुणाचा तंबोरा उन्हाळ्यात बसका झाला, कुणाची खुंटी सरकते, हे त्याला कळू लागलं. भोपळा निवडताना तो आता विचारायचा, हा कुणासाठी? बाईमाणसासाठी असेल तर लहान, खर्जात गाणाऱ्या पुरुषासाठी मोठा. पूर्वी हेच माप तो मुकाट्यानं करायचा. आता त्या मापाला माणूस होता. रविवारची दुपार हलकी झाली. डोकं अधूनमधून दुखायचं, पण त्याची तक्रार करायला तो विसरू लागला.

धाकटा घरात पडून हे सगळं बघत होता आणि मनातून कुढत होता. एका दुपारी म्हातारा त्याच्या अंथरुणाशी येऊन बसला. त्यानं एक तंबोरा बरोबर आणला होता. तारेखालचा दोरा पार मागे ओढून त्यानं तार छेडली. आवाज बसका आला, तार घोडीवर लोळत होती. मग दोरा पार पुढे सारला. आता तार घोडीवरून उचलली गेली आणि आवाज कोरडा, पोकळ झाला.

‘तू असा,’ म्हातारा पहिल्या जागेवर बोट ठेवून म्हणाला. ‘अंग टाकून घोडीवर आडवा पडलेला. आणि तुझा भाऊ इतकी वर्षं असा. घोडीला शिवायलाच तयार नव्हता. दोघांचाही आवाज नव्हता, बेटा.’ त्यानं दोरा जागेवर आणला आणि तार छेडली. झणकार खोलीभर पसरला. ‘टेकलंही पाहिजे आणि सुटलंही पाहिजे.’

‘अब्बा, पण हाक आतूनच येते ना?’ धाकट्यानं विचारलं. ‘मला ती लहानपणीच आली. ती ऐकायची नाही का?’

म्हातारा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘आपले वाडवडील शिकलगार. तलवारींना, भाल्यांना धार लावायचे. इंग्रजी अमदानी आली, लढाया सरल्या, आणि धारेला गिऱ्हाईक उरलं नाही. तेव्हा आपल्यातल्या फरीदसाहेबांनी वाद्यं हातात घेतली. मिरजेचे संस्थानिक पटवर्धन गाण्याचे षोकीन, त्यांच्याकडे गवई यायचे, त्यांची वाद्यं बिघडायची. दुरुस्त करता करता आपले लोक नवी करायला शिकले. तुला वाटतं त्यांना हाक आली होती? त्यांना भूक लागली होती. काम आधी हातात आलं, माया मागून बसली. पुढे मोठे गवई अब्दुल करीम खाँसाहेब मिरजेत येऊन राहिले. तंबोऱ्याच्या बाबतीत तो कान किती कडक! तसे लोक दारात उभे राहायचे, ‘अजून उघडला नाही’ म्हणून परत ठेवून जायचे. त्यांच्यासाठी आपल्या लोकांनी जवारी बारीक केली. 1937 साली खाँसाहेब गेले. आजही उरुसात लोक मिरजेच्या दर्ग्यात येऊन त्यांच्या नावानं गातात. मग सांग, हाक कुठून आली? आतून की दारातून?’

धाकटा काही बोलला नाही.

‘काम मनाजोगं असलं की माणूस सुखी होतो, हे खरंच आहे,’ म्हातारा पुढे म्हणाला. ‘मी स्वतः त्यावर जगलो. पण ते सुख कामातून माणसाकडे गेलं तरच टिकतं. तू तंबोऱ्यावर प्रेम केलंस, गाणाऱ्यावर केलं नाहीस. गाणारा तुला भेटला असता तर त्यानं तुला सांगितलं असतं, पुरे, लागला. तुला पुरे म्हणणारं कुणी नव्हतं. आणि ज्याच्या हाताला मोल नाही त्याची ओढ दुसरे लोक वापरून घेतात. मजुरी माग. रात्री झोप. लेकीचं शाळेचं दप्तर बघ. यानं तुझा गंधार कमी होणार नाही.’

पुढे काय झालं ते सांगतो. सगळं गोड झालं नाही. दोन महिन्यांनी धाकटा दुकानात आला तेव्हा थोरल्यानं त्याला दोन गोष्टी सांगितल्या. दुकानाची किल्ली सहानंतर माझ्याकडे राहील, आणि भाव मी बोलेन. धाकट्याला राग आला. तो काही दिवस भावाशी बोलला नाही. रात्री त्याला जाग यायची आणि हात शिवशिवायचे. पण किल्ली नव्हती, म्हणून तो पुन्हा आडवा व्हायचा. हळूहळू झोप भरू लागली. तोंडाला फडकं बांधून घोडी घासायची सवय लागली. खोकला थांबला. कान परत आला, आणि पहिल्यांदाच त्याला कळलं की कानालाही विश्रांती लागते.

व्यापारी आला. डोळे मिटून ‘काय हात आहे!’ म्हणाला. थोरल्यानं वही उघडली, लाकूड, भोपळा, तारा, पॉलिश, आणि त्याखाली भावाची मजुरी, आपली मजुरी, असा हिशेब पुढे ठेवला. व्यापाऱ्यानं धाकट्याकडे बघितलं. धाकट्याच्या ओठांवर नेहमीचा हो आला होता. तो त्यानं गिळला आणि म्हणाला, ‘भाईजान सांगतील ते.’ व्यापारी उठून गेला. तो परत आला नाही, आणि ते वर्ष घराला जड गेलं. दुरुस्तीच्या कामांवर दिवस काढले. 2024 साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, गल्लीत पेढे वाटले गेले. नावाला मोल आलं, पण त्यानं दुसऱ्याच दिवशी घरात पैसा येत नाही. घर सावरलं ते थोरल्याच्या वहीनं. वहीतल्या एकेका माणसानं दुसऱ्याला सांगितलं आणि गाणारे थेट दारात येऊ लागले.

थोरला काही मोठा कलावंत झाला नाही. अवघड जवारी अजून धाकट्याकडेच जाते. आणि एमआयडीसीतून खरंच एकदा बोलावणं आलं तेव्हा थोरल्यानं दोन रात्री विचार केला. घरच्यांनी जा म्हटलं असतं तर तो गेलाही असता, आणि त्यात काही चूक नव्हती. पण त्या दिवसांत एका वृद्ध गवयाचा तंबोरा त्याच्याकडे होता. तो पुरा झाल्यावर बघू, म्हणाला. मग दुसरा आला.

परवा पुण्याहून एका तरुण गायकाचा फोन आला. त्याला तंबोरा आठवड्यात हवा होता, कुठल्याशा कार्यक्रमासाठी. फोन धाकट्यानं घेतला.

‘आठवड्यात होणार नाही,’ तो म्हणाला. ‘महिना लागेल. तुमची पट्टी कोणती? आणि एकदा येऊन समोर बसून गावं लागेल, त्याशिवाय मी जवारी काढत नाही.’ मग त्यानं किंमत सांगितली, आपल्या मजुरीसकट, न अडखळता. पलीकडून जरा कमी करा म्हणून आग्रह झाला. धाकट्यानं नाही म्हटलं आणि फोन थोरल्याच्या हातात दिला, कारण सहा वाजत आले होते आणि लेकीला शाळेच्या स्नेहसंमेलनाच्या तालमीवरून आणायचं होतं.

थोरल्यानं वही उघडून विचारलं, ‘हां, नाव सांगा. आणि कुणाकडे शिकता?’